आधी ती सहा अक्षरं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वहीचे फोटो मिळाले. अरबीची २८ अक्षरं, प्रत्येकाची चार रूपं (सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं), असा ११२ चौकटींचा तक्ता तू पाठ करायला घेतला आहेस. तो आत्ता बाजूला ठेव.

'त्या' लिहिताना तू 'त'चा दांडा गाळतोस ना? अरबीतही बरीच अक्षरं अशीच वागतात: पुढचं अक्षर जोडायचं असलं की शेपूट गळते, डोकं उरतं. आपल्याकडे ट, ड, द यांना गाळायला दांडाच नाही. अरबीत अशी सहा अडून बसणारी अक्षरं आहेत: अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव. ती उजवीकडच्या, म्हणजे आधीच्या अक्षराला जोडली जातात, डावीकडच्या, म्हणजे पुढच्या अक्षराला कधीच नाही. आधी एवढी सहा पक्की कर.

'सुरुवातीला, मध्ये, शेवटी' हा नियम अपुरा पडतो तो यांच्यामुळेच. 'किताब' घे. काफ, ता, अलिफ, बा. ऱ्हस्व इकार एरवी लिहीत नाहीत. काफ, ता आणि अलिफ एका ओघात येतात आणि तिथे जोड तुटतो. बा शब्दाच्या शेवटी असूनही सुटा लिहायचा. तू त्याला अलिफापासून रेघ ओढलीस, चूक तिथे झाली. 'दार' (म्हणजे घर, आपल्या दाराशी त्याचं नातं नाही) यात तर तिन्ही अक्षरं सुटी. तेव्हा शब्दातली जागा पाहू नकोस, उजवीकडचा शेजारी हात देतो का ते पाहा.

आता नुक्ते, म्हणजे अक्षरांच्या वर-खाली द्यायचे ठिपके. बा, ता, सा, नून, या ही पाच अक्षरं शब्दाच्या आत एकसारखा छोटा दात होतात. 'बैत' म्हणजे घर, 'बिन्त' म्हणजे मुलगी. दोन्हींचा सांगाडा तोच: दोन दात आणि शेवटी पसरट ता. फरक फक्त मधल्या दाताचा: खाली दोन नुक्ते असले तर या, वर एक असला तर नून. म्हणून जोडलेला तुकडा आधी पूर्ण लिही, नुक्ते मागाहून दे, आपण शिरोरेघ देतो तसे. मध्येच हात उचललास की दात मोजायचे चुकतात.

वेगळा सराव लागतो तो 'ऐन' आणि 'हा' या अक्षरांना. ऐन सुरुवातीला उघड्या तोंडाचा, मध्ये मिटलेली गाठ. 'हा' तर चारही ठिकाणी निराळा दिसतो. लामनंतर अलिफ आला की दोघांची मिळून एकच ठरलेली आकृती करावी लागते. सुटे किंवा साधे जोडलेले चालत नाहीत.

संगणकावर रूपं शोधत बसू नकोस. प्रत्येक अक्षराची कळ एकच, रूप फॉन्ट निवडतो. अक्षरं सुटी आणि उलट क्रमाने दिसली, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये अरबीची सोय बंद आहे किंवा नाहीच. तयार रूपं एकेक चिकटवून ते झाकू नकोस, पुढे शब्द शोधता येत नाही. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नकोस, जोड तुटतात.

बैत, बिन्त, किताब, दार: प्रत्येकी दहा वेळा लिही आणि फोटो पाठव.

तुझाच,
मित्र