लाइट आली तेव्हा

ठाणे, रविवार दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

लाइट गेली तरी तुझा माशांचा टँक चालू राहावा म्हणून तू इन्व्हर्टरच्या दुकानदाराचं कोटेशन फोनवर पाठवलंस, त्यावर मी नुसता अंगठा टाकला. तो होकार नव्हता. सविस्तर लिहायचं होतं, आणि फोनवर एवढं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून कागद घेतला. जावईबापू बुधवारी ठाण्याला येणार आहेत, त्यांच्या हाती देतो.

दोन केव्हीएचा इन्व्हर्टर आणि दीडशे एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या दोन बॅटऱ्या! त्याने तुमचा एसीही त्यात धरलाय की काय? टँक पाच बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे वीस घनफूट, काठोकाठ भरला तर साडेपाचशे लिटरच्या वर. आकडा ऐकला की समोरच्याला वाटतं बॅटरीही तशीच दांडगी हवी. अगं, बॅटरीला ते पाणी उचलायचंय थोडंच? हलतं ठेवलं की झालं.

मागच्या खेपेला टँकखालचं कपाट उघडून मी एकेक लेबल वाचत होतो आणि तुम्ही दोघं हसत होतात. कॅनिस्टर फिल्टर (तो बंद डब्याचा) 40 वॉट, एअर पंप 6, पाणी हलवणारा वेव्हमेकर 10, दिवे 60, हीटर 300. दिवे सोडून दे, माशांना अंधार चालतो. हीटर खारघरात डिसेंबर-जानेवारीच्या चार रात्री सोडल्या तर शोभेचाच, आणि एवढं पाणी एका रात्रीत निवतही नाही. राहिले 56 वॉट. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वीसेक धर. 12 व्होल्ट, दीडशे एएचची एक बॅटरी म्हणजे 1800 वॉट-अवर, पण ती तळापर्यंत खरवडायची नसते. निम्म्यावर थांबायचं, वीज बदलताना होणारी घट वजा जाता सातशेएक हाती येतात. नऊ तास निघाले. थंडीत हीटर चुकून त्याच बोर्डावर राहिला तर दोन तासांत खेळ आटोपेल. तेव्हा बॅटरी एकच घे, इन्व्हर्टर लहान पण साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच वीज देणारा घे. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पंप घुं घुं करत तापतात.

पण इन्व्हर्टर नंतर. लहानपणी तुला माझ्या टेलिफोन एक्स्चेंजच्या पॉवर रूममध्ये नेलं होतं, आठवतं? ॲसिडच्या वासाने तू नाक दाबून उभी होतीस. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल रांगेत, मिळून 48 व्होल्ट. लाइट गेली तरी डायल टोन जात नसे, कारण त्या बॅटऱ्या कुणी धावत येऊन लावायच्या नसत. चार्जरच्या जोडीने त्या चोवीस तास लाइनवरच असत. तीस वर्षं मी तेच सांभाळलं. म्हणून ‘मावशींना सांगून ठेवलंय, लाइट गेली की बॅटरीचा पंप लावा’ या तुझ्या बेतावर माझा भरवसा नाही. मावशी अकराला येतात, बाराला जातात. तुम्ही दोघं सकाळी आठला बाहेर, रात्री आठला घरात. मधल्या वेळात पंप कोण लावणार, टँकमधला ऑस्कर मासा?

आधी घ्यायचा तो स्वतःची बॅटरी असलेला एअर पंप. एरवी प्लगमध्ये ठेवायचा, लाइट गेली की आपोआप सुरू होतो. दोन घे, टँकच्या दोन टोकांना. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवणार असशील तर नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) घाल, नाहीतर पंप थांबला की त्याच नळीतून पाणी उलटं खाली येतं. पॉवर बँकवर यूएसबी पंप ही जावईबापूंची युक्ती मी करून पाहिली. पंप इतका थोडा करंट ओढतो की काही पॉवर बँकांना वाटतं फोन चार्ज झाला, आणि त्या गुपचूप झोपतात. माझी चाळीस मिनिटांत झोपली.

आणि लाइट दर वेळी महावितरणचीच जाते असं नाही. घरातला ईएलसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) पडला तर अख्खी बिल्डिंग उजळलेली आणि तुमचा टँक तेवढा बंद. सोसायटीचा जनरेटर लिफ्ट आणि जिन्यातले दिवे सोडून फ्लॅटमध्ये येतो का, तेही सेक्रेटरींना विचारून घे.

आता जे सांगायला खरं तर कागद घेतला ते. 12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे लाइनवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बसली. तुझा ऑनलाइन पेपर अडकला म्हणून तू रडवेली, आणि हॉलमधल्या तीन फुटी टँकमध्ये आपले सहा गोल्डफिश दुपारपर्यंत वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागलेले. ऑक्टोबरचा उकाडा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. तू आणि आई स्टीलच्या तांब्याने पाणी उचलून वरून धार धरत होतात, हात भरून आला की पाळी बदलायची. ते अगदी बरोबर होतं. पाण्याचा पृष्ठभाग मोडत राहिला की हवा आत शिरते. आपल्याकडे लाइट संध्याकाळी सातला आली. तोवर एकही मासा गेला नव्हता.

सकाळी चार तरंगत होते. तू म्हणालीस, ‘लाइटने मारले.’ मी काही बोललो नाही. परवा जावईबापूंनाही तू तेच सांगत होतीस, आणि मी चहा ढवळत बसलो.

लाइट आली तेव्हा मी पहिलं काय केलं असेल तर फिल्टरचं बटण दाबलं. नऊ तास तो डबा बंद होता. आतल्या स्पंजवरचे जिवाणू माशांची घाण पचवतात, पण त्यांनाही प्राणवायू लागतो. पाणी वाहायचं थांबलं की ते गुदमरतात आणि आतला गाळ सडू लागतो. त्यात लॉकडाउनभर मी फिल्टर उघडला नव्हता. पाइपातून आधी करडा ढग आला, मागोमाग कुजक्या अंड्यासारखा वास. ढग मला दिसला. वासही आला. वाटलं, फिल्टर चालू झालाय, होईल साफ. आणि झोपायला गेलो. सप्लाय परत आल्यावर आधी काय-काय तपासायचं हे तीस वर्षं तोंडपाठ असलेला माणूस!

तेव्हा तुझ्याकडे एअर पंप आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि कॅनिस्टर मात्र एकदा बंद पडला की आपोआप सुरू होता कामा नये. गावाकडच्या विहिरीच्या मोटरचा स्टार्टर आठव: लाइट जाऊन आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर उठत नाही. तसलाच छोटा कॉन्टॅक्टर (लाइट गेली की सुटणारा स्विच) मी इन्व्हर्टर आणि कॅनिस्टरच्या मध्ये बसवून देतो. इन्व्हर्टर यूपीएस मोडचा, म्हणजे पटकन बॅटरीवर जाणारा बघ, नाहीतर लाइट जाताना जो क्षणभर खंड पडतो त्यानेही कॉन्टॅक्टर पडेल. कॅनिस्टर दोन तासांहून जास्त बंद राहिला असेल तर डबा मोरीत उघडायचा, आतलं पाणी ओतून टाकायचं, स्पंज आणि जिवाणूंसाठीच्या रिंगा टँकच्याच पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यायच्या, मग हिरवं बटण. नळाखाली धरू नकोस, क्लोरीनने उरलेसुरले जिवाणूही जातील. मावशींना एवढंच सांग की लाइट नसेल त्या दिवशी माशांना खायला घालायचं नाही.

इन्व्हर्टर टँकखालच्या कपाटात नको. बाल्कनीच्या दाराशी, वारा लागेल असा ठेव. टँकच्या प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोळ दे, म्हणजे ओघळ आला तर झोळातून खाली ठिबकेल. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणं तुमच्याकडून व्हायचं नाही, ते मी दर दोन महिन्यांनी येऊन बघीन.

पुढच्या रविवारी ट्रान्स-हार्बरने येतो. टेस्टर, पक्कड माझी आणतो. जेवणं झाली की मेन स्विच पाडू आणि दोन तास नुसतं बसून बघू काय चालतं, काय थांबतं. आई विचारतेय, तांब्या बरोबर द्यायचा का.

बाबा