दुपारी सव्वादोनला उचललेला फोन

प्रिय ताई,

सदाशिव पेठेतल्या तुमच्या त्या एका खोलीच्या ट्रॅव्हल ऑफिसात तुम्ही मला बजावलं होतं, "काका, मालदीवच्या मालेला तीनच्या आत उतरणारंच विमान घ्या. पुढे बेटावर नेणारं, पाण्यावर उतरणारं सीप्लेन अंधारात उडत नाही." मी मान डोलावली आणि घरी येऊन चार हजार वाचवणारं उशिराचं तिकीट काढलं. शेवटी पुणेकरच!

बंगळूरला विमान रखडलं तेव्हा डोळे उघडले. मालदीवमध्ये बेटं सुमारे १,२००, आणि १९७२पासून रूढ झालेली रीत अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट. मध्ये नुसता समुद्र. सीप्लेन चुकलं की रिक्षा करून जाता येत नाही. तुम्हाला फोन लावला तेव्हा पुण्यात सव्वादोन वाजले होते. या शहरात त्या वेळी कोण फोन उचलतं? तुम्ही उचललात. तासाभरात विमानतळाजवळच्या हुलहुमालेत खोली, सकाळचं पहिलं सीप्लेन, आणि हुकलेली रात्र मुक्कामाच्या शेवटी जोडून मिळाली. ती कशी मिळवलीत, देव जाणे.

आणि "मी सांगितलं होतं ना" हे वाक्य तुमच्या तोंडून आलं नाही. आमच्या घरी ते अजून रोज येतं.

सकाळी अनवाणी पायलटने आम्हाला पाण्यावर उतरवलं. माणशी वीस किलोच्या हिशेबात तुम्ही हिचा चिवड्याचा डबा कमी करायला लावलात म्हणून ही फुगली होती. पण तिथल्या आचाऱ्याला तुम्ही आधीच कळवून ठेवलं होतं. तिथली न्याहारी म्हणजे मासहुनी : टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. हिच्या वाटीत टूना नव्हता. सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. ही म्हणाली, "अहो, ही तर कोशिंबीर! एवढ्या लांब येऊन?" आणि तीन वेळा घेतली.

रिसॉर्टने बेटाचं घड्याळ मुद्दाम मालेच्या एक तास पुढे ठेवलेलं, त्यामुळे पुण्याच्याही अर्धा तास पुढे. तेवढा वेळ मी हिच्यासोबत ओट्यासारख्या पायरीवर बसून पायाखालून जाणारे मासे मोजत असे. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं निवांत कधी बसलो नव्हतो.

तिथले शंख-शिंपले, पोवळी उचलून आणायला मनाई, म्हणून हात रिकामेच आहेत. रविवारी पुरणपोळ्या घेऊन येतो. एकच्या आत येईन, किंवा मग चारनंतर.

तुमचा,
न ऐकणारा काका