तिसरा गोलकीपर

फ्रॅमिंगहॅम, मॅसॅच्युसेट्स
12 ऑक्टोबर 2025

प्रिय दिल्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ओंकारला त्या मोठ्या क्लबाच्या अकॅडमीत घेतायत, पण तिसरा गोलकीपर म्हणून. तिकडं गावातल्या संघात राहिला तर दर सामन्यात पोस्टमध्ये तोच. वहिनी म्हणतात मोठ्या ठिकाणी पाठवा, तुझं मन घेत नाही, आणि मधल्या मध्ये तू मला विचारतोयस. फोनवर बोलायला गेलो तर तू मला दोन वाक्यं पुरी करू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. निवांत वाच.

मॅट टर्नर हे नाव तू ऐकलं असशील. 2022 च्या वर्ल्ड कपात अमेरिकेच्या गोलमध्ये होता तो. चारही सामने खेळला, इंग्लंडला आणि इराणला गोल करू दिला नाही. तो सध्या माझ्या घरापासून तासाभराच्या आत, फॉक्सबरोच्या जिलेट स्टेडियमवर खेळतोय. हो, परत आलाय. 2022 मध्ये इथूनच इंग्लंडच्या आर्सेनलला गेला होता, आणि यंदा ऑगस्टमध्ये इथल्याच न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन क्लबाकडं लोनवर, म्हणजे उसना, आला. मधली तीन वर्षं त्यानं काय केलं, हे ओंकारसाठी बघण्यासारखं आहे.

गडी मूळचा न्यू जर्सीचा. लहानपणी बेसबॉल आणि बास्केटबॉल खेळायचा, फुटबॉलकडं वळला तो बराच उशिरा. कॉलेजात असताना त्यानं असा एक गोल खाल्ला की सगळ्या अमेरिकेत टीव्हीवर लोक हसले. शॉट आडव्या बारला लागून उंच उडाला, याच्या हातात पडला आणि हातातून निसटून त्याच्याच जाळ्यात गेला. आपल्याकडं कुणाचं असं झालं असतं तर पेठेनं त्याला जन्मभराचं नाव ठेवलं असतं. 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब कॉलेजातली पोरं निवडतात तिथं, त्याला कुणीच घेतलं नाही. ट्रायल देऊन रेव्होल्यूशनमध्ये शिरला. त्यांनी काय केलं? बाकावर बसवायच्या ऐवजी खालच्या लीगमधल्या रिचमंड किकर्सकडं पाठवला. तिथं तो खेळला. 2018 च्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात रेव्होल्यूशनच्या गोलमध्ये उभा राहिला आणि 2021 मध्ये अमेरिकी लीगचा सर्वोत्तम गोलकीपर ठरला. त्याच वर्षी अमेरिकेकडून गोल्ड कप ही देशांची स्पर्धाही जिंकला, अख्ख्या स्पर्धेत एक गोल खाऊन.

आता आर्सेनल. हा पोरगा आर्सेनलचा जुना फॅन, त्यामुळं त्यांनी बोलावल्यावर तो नाही म्हणेल का? मीही म्हटलं नसतं, तूही नाही. पण तिथं पहिला गोलकीपर रॅम्सडेल होता. टर्नरला युरोपा लीग आणि एफए कपमधले मोजके सामने मिळाले, प्रीमियर लीगमध्ये एक मिनिटसुद्धा नाही. वय अठ्ठावीस. गोलकीपरचं ऐन भराचं वय म्हणतात ते हेच ना?

गोलकीपरच्या जागेची गोम तुला वेगळी सांगायला नको, तू उभा राहिलायस तिथं. बदली फॉरवर्डला शेवटची वीस मिनिटं तरी मिळतात. विंगवर जागा नसेल तर मधे खेळवतात. धोनीच्या काळात कार्तिक निदान बॅट्समन म्हणून तरी संघात यायचा. गोलकीपरचं तसं नाही. पहिला आजारी पडेपर्यंत किंवा माती खाईपर्यंत दुसऱ्यानं वाट बघायची, आणि तिसऱ्यानं तर दोघांची बघायची. सरावात शंभर शॉट अडवता येतात रे. पण कॉर्नरला सहा जण अंगावर असताना पुढं निघायचं की लाइनवर थांबायचं, हे सरावात कळत नाही. स्वतःच्या बॅकनं पाठ दाखवली असताना नेमकं काय ओरडायचं, हेही नाही.

टर्नरचं दुसरं दुखणं पायाचं. हात सोन्याचे आहेत. बेसबॉल-बास्केटबॉलवर वाढलेल्या अमेरिकन गोलकीपरांचे असतातच. पण आर्सेनल, मँचेस्टर सिटी वगैरेंना हल्ली गोलकीपर म्हणजे अकरावा पास देणारा लागतो, आणि ते पायात लहानपणीच मुरलेलं असावं लागतं. परवा वॉर्म-अपच्या वेळी मी गोलच्या मागच्याच स्टँडमध्ये होतो. कोच जवळून गोळ्यासारखे शॉट मारत होता आणि हा प्रत्येक चेंडू छातीशी घट्ट घेत होता, एकही पुढं सुटला नाही. तोच सामन्यात बॅकनं मागं पास दिला की एक टच जास्त घेतो. तेवढ्यात समोरचा स्ट्रायकर तीन पावलं जवळ आलेला असतो, मग लांब किक आणि चेंडू टचलाइनच्या बाहेर. सिटीच्या झॅक स्टेफनचं 2022 मध्ये वेम्बलीवर काय झालं आठवतं? हाही अमेरिकनच. एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूलविरुद्ध. चेंडू पायात घेऊन क्षणभर थांबला आणि लिव्हरपूलच्या सादियो मानेनं घसरत येऊन तिथंच गोल केला. आज तो कोलोराडोत खेळतोय.

2023 च्या ऑगस्टमध्ये आर्सेनलनं राया हा नवा गोलकीपर आणला आणि टर्नर नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. गंमत म्हणजे फॉरेस्टकडून पहिलाच सामना आर्सेनलच्याच मैदानावर. 2-1 नं हरले. पण निदान तो पहिला गोलकीपर होता! मी खूश होतो. ती खुशी महिनाभरही टिकली नाही, कारण सप्टेंबरात क्लबानं बेन्फिकाचा गोलकीपर व्लाखोदिमोस आणून ठेवला. डिसेंबरात कोच स्टीव्ह कूपरला काढला, नुनो आला. फेब्रुवारीत बेल्जियमचा सेल्स आणला आणि टर्नर परत बाकावर. चुका झाल्या त्याच्या, नाही म्हणत नाही. पण अर्ध्या वर्षात दोन कोच आणि डोक्यावर दोन नवे गोलकीपर असताना कोण मोकळ्या मनानं क्रॉसला पुढं निघेल? पुढच्या हंगामात क्रिस्टल पॅलेसला लोनवर गेला, तिथं पहिला गोलकीपर हेंडरसन होता. कपाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत काही सामने मिळाले. पॅलेसनं मे महिन्यात एफए कप जिंकला, फायनलला पेनल्टी अडवली हेंडरसननं. मग कागदोपत्री फ्रान्सचा ल्यों क्लब, आणि तिथून थेट इकडं. दरम्यान अमेरिकेच्या गोलमध्ये मॅट फ्रीस येऊन बसला. युरोपात एकही सामना न खेळलेला, न्यूयॉर्कमध्ये दर आठवड्याला खेळणारा. गोल्ड कपात कोस्टा रिकाविरुद्ध शूटआउटमध्ये त्यानं तीन पेनल्ट्या अडवल्या.

हे वाचून "बघ, मी म्हणत होतो, गावातच ठेवतो" असं म्हणशील. थांब जरा. मला म्हणायचंय ते वेगळं आहे.

ब्रॅड फ्रीडेल आठवतोय? आपल्या केबलच्या जमान्यातला टकल्या अमेरिकन गोलकीपर, ब्लॅकबर्नचा. त्याला तर इंग्लंडचं वर्क परमिटच पुन्हापुन्हा नाकारलं. 1995 मध्ये कोच ग्रॅम सूनेसनं त्याला तुर्कस्तानात गलातासरायला नेलं, आणि तिथला कप त्यांनी जिंकला. मग अमेरिकेत खेळून 1997 च्या अखेरीस तो लिव्हरपूलला पोचला. घेणारा कोच रॉय इव्हान्स वर्षभरात गेला, पुढच्या कोचनं 1999 मध्ये गोलकीपर वेस्टरवेल्ड आणला, फ्रीडेल बाजूला. टर्नरचीच गोष्ट, पंचवीस वर्षं आधीची. मग त्याला 2000 साली ब्लॅकबर्नला कुणी नेलं? त्याच सूनेसनं. वर्षभरात संघ प्रीमियर लीगमध्ये चढला आणि 2002 मध्ये टॉटनमला हरवून लीग कप जिंकला. पुढं फ्रीडेल प्रीमियर लीगमध्ये तीन क्लबांकडून मिळून सलग 310 सामने खेळला. सलग, दिल्या. टिम हॉवर्ड या दुसऱ्या अमेरिकन गोलकीपरचंही तसंच. मँचेस्टर युनायटेडमध्ये 2004 ला पोर्टोविरुद्ध शेवटच्या मिनिटाला हातून चेंडू सुटला, गोल झाला, आणि त्याच्या जागेला तिथूनच ग्रहण लागलं. मग एव्हर्टनला कोच मॉयेसनं त्याला घेतलं आणि चुकला तरी खेळवत राहिला. दहा वर्षं तिथं.

या दोघांना मिळाला तसा माणूस टर्नरला कुणी भेटला नाही. ज्यानं आणला तो टिकला नाही, किंवा ज्यानं आणला त्याला तो दुसऱ्या क्रमांकासाठीच हवा होता. त्यामुळं अकॅडमीचं नाव, जर्सी, टर्फ, हॉस्टेलचं जेवण हे सगळं मी तरी नंतर बघेन. तू तिथं जाशील तेव्हा आधी गोलकीपर कोचला गाठ. मॅनेजरला नाही, गोलकीपर कोचला. ओंकारला बघून निवडलं कुणी, हे विचार. तो माणूस पुढच्या वर्षी तिथं असणार आहे का, हेही विचार. आणि सहा महिन्यांत सामने मिळाले नाहीत तर पोराला दुसऱ्या संघात खेळायला सोडतील का, ते लेखी घे. रेव्होल्यूशननं टर्नरला रिचमंडला सोडलं म्हणून तो घडला. हे तिन्ही प्रश्न टाळणारं ठिकाण असेल तर डोळे मिटून गावात ठेव. उत्तरं सरळ आली तर जाऊ दे, तिसरा तर तिसरा. वहिनींना हे माझं मत म्हणून सांग, तुझं म्हणून सांगितलंस तर ऐकणार नाहीत.

आणि त्याचे पाय बघ लेका. तू पाठवलेल्या व्हिडिओत उडी झकास आहे, तुझ्याहून कितीतरी बरी. पण डाव्या पायानं त्यानं एकही पास दिलेला नाही. रोज अर्धा तास भिंतीवर नुसता डाव्यानं मारायला लाव.

डिसेंबरात येतोय. ग्लोव्हज आणतो, त्याच्या तळहाताचं माप घेऊन कळव, तुझ्या अंदाजानं नको. मागच्या खेपेला काकांसाठी आणलेले बूट तुझ्याच अंदाजाचे होते. शाहू स्टेडियमवर तोवर हंगाम चालू झालेला असेल ना? आपल्या तालमीच्या संघाचा सामना कधी आहे तेवढं बघून ठेव, त्या दिवशी मी दुसरं काही ठरवत नाही.

आई-काकांना नमस्कार.

तुझा,
अभ्या