तगर नव्हे, अनंत नव्हे, कुडा!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या रविवार पुरवणीत नवीन घराच्या बागेवर लेख आला होता. माती, खत, पाणी सगळं पटलं, पण त्यात एक वाक्य होतं की जागा ताब्यात आली की आधी रानटी झुडपं मुळापासून काढा, प्लॉट मोकळा करा आणि मग काय लावायचं ते ठरवा. ते वाचून राहवेना म्हणून लिहितोय, कारण हाच उद्योग मी मागच्या फेब्रुवारीत करणार होतो, थोडक्यात वाचलं.

रिटायर झाल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट मुलाला दिला आणि आम्ही दोघं चिपळूणजवळ एका वाडीत जुनं घर घेऊन राहायला आलो. तोवर आमची शेती म्हणजे बाल्कनीतली तुळस आणि बाटलीतला मनी प्लांट. इथे पाच गुंठे परसू, आंबा-फणस ओळखू आले, बाकी सगळं आपलं हिरवं. विहिरीच्या कठड्याला लागून दीड पुरुष उंचीचं एक झुडूप होतं, एक पान नाही अंगावर, नुसत्या काटक्या आणि त्यांना जोडीजोडीनं लटकलेल्या लांबच लांब वाळक्या काड्या. माळीदादा म्हणाले काका हे मेलंय, कोयता मारतो. मी सहज फांदी नखानं खरवडली तर आत हिरवीगार आणि लगेच दुधासारखा चीक आला. म्हटलं थांबा, जिवंत आहे, पाऊस पडेपर्यंत राहू दे. त्याच आठवड्यात घरभर म्हाताऱ्या उडत होत्या, बारीक लांबट बी आणि टोकाला तपकिरी झुपका, बायको रोज झाडून काढायची आणि म्हणायची हा कापूस येतो कुठून. उत्तर आम्ही रोज सुपलीत भरून उकिरड्यावर टाकत होतो, हे कळायला पुढे सहा महिने गेले.

एप्रिलच्या शेवटी पानं फुटली आणि मे महिन्यात झुडूप पांढरं झालं. फांदीच्या टोकाला गुच्छ, प्रत्येक फूल पाच पाकळ्यांचं, संध्याकाळी विहिरीपाशी मंद वास. मग काय, येईल त्यानं नाव ठेवलं! शेजारचे रोज पूजेला फुलं न्यायचे ते म्हणाले तगर. पुण्याहून मेहुणी आली ती म्हणाली अनंत. मोबाईलमधल्या अॅपला तीन फोटो दाखवले तर त्यानं तीन नावं दिली, एक जास्मिन, एक कॉफी आणि एक तगर. एका नर्सरीत गेलो, तिथल्या पोरानं अगदी तस्संच फूल असलेली गुडघाभर उंचीची कुंडी पुढे केली, म्हणाला हेच तुमचं. ते मूळचं श्रीलंकेचं शोभेचं झुडूप निघालं, राइटिया अँटिडिसेंटेरिका, आणि गंमत म्हणजे आमच्या झुडपाच्या जुन्या शास्त्रीय नावातही शेवटी अँटिडिसेंटेरिका हाच शब्द आहे, म्हणजे आमांशावरचं. तेव्हा लॅटिन नाव आलं म्हणजे गोंधळ संपला असं काही नाही.

शेवटी उलगडा केला वाडीतल्या काकींनी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पदर खोचून, हातात टोपली घेऊन दारात उभ्या. "काका, कुड्याची फुलं काढू का वो थोडी? भाजीला." मी म्हटलं काकी, ही तगर आहे ना? तर अशा हसल्या की विचारू नका. म्हणाल्या, "तगर कधी बोडकी होते का? शिमग्याच्या आधी पाहिलाव ना तुम्ही ह्याला, पान तरी होतं का?"

झालं, एका वाक्यात निकाल! तगरीला बाराही महिने गर्द चकचकीत पानं असतात, कुडा उन्हाळ्याआधी पानं गाळतो. आमच्या झुडपाची पानं वीतभर लांब, समोरासमोर, शिरा ठसठशीत, आणि कोवळं पान खालून चोळलं तर बोटाला लव लागते. अनंताचं म्हणाल तर तो चीकवाल्यांतला नाहीच, त्याची फुलं शिळी झाली की पिवळी पडतात. आणि अॅपनं पाहिलं काय होतं, तर फक्त फूल. पांढरी फुलं आपल्याकडे ढिगानं आहेत हो.

पुढे काकी म्हणाल्या कुडाही दोन जातींचा, पांढरा आणि काळा. मग मी पेपर वाचायचं भिंग घेऊन फुलाला भिडलो. काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारख्या पांढऱ्या झिरमिळ्या असतात, आमच्या फुलात तसलं काही नव्हतं. पक्कं झालं ते शेंगा धरल्यावर. गणपतीच्या सुमारास पेन्सिलीइतक्या जाड आणि फूटभर लांब हिरव्या शेंगा जोडीनं लोंबायला लागल्या, सुरुवातीपासून दोघींची टोकं सुटी. काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात. म्हणजे आमचा पांढरा कुडा, होलॅरिना प्युबेसेन्स. कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध होतं ते ह्याच्या सालीचं, आणि बी म्हणजे आजीच्या बटव्यातला कडू इंद्रजव. काळ्याचा तो गोडा इंद्रजव, आणि त्याच्या पानांपासून निळा रंग करायचे म्हणून त्याचं शास्त्रीय नाव राइटिया टिंक्टोरिया, म्हणजे रंगाचा. हे सगळं मी डोंबिवलीत बसून कधी शोधलं नसतं हे कबूल करतो.

भाजी मी काकींच्या घरी खाल्ली. फुलं उकडून, पाणी घट्ट पिळून, भरपूर कांदा आणि वर ओलं खोबरं. कडवट लागते पण तांदळाच्या भाकरीबरोबर जाते. इथे एक मात्र बजावून सांगतो, पत्र वाचून कुणी घरामागची पांढरी फुलं कढईत टाकू नका! कुडा, तगर, चाफा, सदाफुली, कण्हेर ही सगळी एकाच करवीर कुळातली, सगळ्यांना चीक, आणि त्यातली कण्हेर जिवावर बेतणारी विषारी. काकींनी लहानपणापासून तोडलंय म्हणून त्यांच्या हातचं खाल्लं, अॅपवर भरवसा ठेवून मी पान तोंडात घातलं नसतं.

तर संपादकसाहेब, तुमच्या पुरवणीतल्या लेखकांना माझा निरोप द्या की नवीन जागेत पहिलं वर्षभर कोयता माळ्यावर ठेवायला सांगा. आणि झाडांवर लिहाल तेव्हा नुसता फुलाचा फोटो नको, पान उलटसुलट दाखवा, शेंग दाखवा, चीक येतो का लिहा, कुठल्या महिन्यात बोडकं होतं ते लिहा, आणि गावात त्याला काय म्हणतात तेही लिहा, नुसतं लॅटिन नको. नर्सरीवाल्यांनीही पाटीवर "पांढरं फूल, ८० रुपये" एवढंच लिहून भागवू नये, पण ते जरा जास्तच झालं मागणं.

शेंगा अजून हिरव्या आहेत. शिमग्याच्या आत वाळून तडकतील आणि त्यांतलंच बी म्हाताऱ्या होऊन पुन्हा घरभर उडेल, त्याआधी थोड्या काढून पिशवीत बांधून ठेवणार आहे, बायकोची तशी सक्त ताकीद आहे. आसपासच्या कुणाला बी हवं असेल तर जानेवारीत या, मात्र जागा विचारूनच लावा, अंगण झाडणाऱ्या माणसाला.

आपला,
एक वाचक, चिपळूण तालुका