तारीख नसलेले व्हिडिओ

स.न.वि.वि., सोशल मीडियाने अफवांचा सुळसुळाट केलाय असं सांगणारा तुमच्या पेपरातला लेख वाचला, पण सगळं खापर मोबाइलवर फोडणं काही पटलं नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडाल्याचा व्हिडिओ नदीकाठचंच कोणीतरी आधी टाकतं आणि गाडी कुठून काढायची ते आपल्याला त्यावरूनच कळतं, घोळ होतो तो जुना व्हिडिओ आत्ताचा म्हणून फिरतो तेव्हा. २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून ५ जणांचा जीव गेला, त्याच वर्षी व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्ड एका वेळी ५ चॅटपुरतं केलं. पण तारीख कोण तपासणार? ग्रुप ॲडमिनने (आमचे फक्त गुड मॉर्निंगची फुलं टाकतात) तारीख-ठिकाण नसलेला व्हिडिओ सरळ उडवावा.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे