बिलं चव्हाट्यावर, सर्व्हरच्या चाव्या परक्याच्या खिशात

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : क्लाउड सर्व्हरच्या परवानग्यांबाबत तक्रार

महोदय,

देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑनलाइन ऑर्डरसाठी तुमच्या कंपनीने जानेवारीत आम्हाला सर्व्हर लावून दिला.

परवा रात्री पडवीत पेट्यांत पेंढा भरत बसलो होतो. एका गिऱ्हाइकाला बिलाची लिंक पाठवली. पुतण्याने तीच लिंक गंमत म्हणून स्वतःच्या मोबाइलवर उघडली आणि शेवटच्या १०४१ चं १०४२ केलं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, दादरच्या दुसऱ्याच बाईंचं बिल समोर! नाव, फ्लॅट नंबर, फोन, सगळं. बिलांचं स्टोरेज तुम्ही 'पब्लिक' ठेवलंत. तुमचा इंजिनिअर फोनवर म्हणतो, "काका, लिंक माहीत असल्याशिवाय कोण उघडणार?" अहो, ज्याला अंक मोजता येतात तो उघडेल. माझी गिऱ्हाइकं पिढीजात आहेत. त्यांना काय तोंड दाखवू?

पुतण्याने मग बाकीचंही तपासलं. पेट्या मोजणाऱ्या पोराला फक्त पत्त्यांची यादी दिसली की पुरे, त्याचं लॉगिन 'अ‍ॅडमिन'. म्हणजे सगळे अधिकार! चुकून बोट लागलं तर आख्खा सर्व्हर पुसला जाईल. राखणीच्या गड्याचं नाव कोणी सातबाऱ्यावर चढवतं का? डेटाबेसचा ३३०६ पोर्ट, म्हणजे सगळ्या माहितीच्या कोठाराचं दार, तेही साऱ्या जगाला उघडं. आणि कहर म्हणजे, तुमच्याच इंजिनिअरने सांगितलं म्हणून कळलं, रूट अकाउंट, म्हणजे सगळ्याची मुख्य किल्ली, तुमची नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर आहे, लॉगिनचा कोडही त्याच्याच फोनवर येतो. बिल मात्र दरमहा माझ्या कार्डावर!

स्टोरेज परक्यांना आजच्या आज बंद करा आणि बिलाची लिंक काही तासांनी आपोआप निकामी होईल अशी द्या. रूटचा ईमेल आणि कोड माझ्याकडे आणा, त्या मुलाच्या जुन्या अ‍ॅक्सेस की (आत शिरायच्या डिजिटल चाव्या) रद्द करा. डेटाबेसशी फक्त आमचा सर्व्हर बोलेल असं करा. प्रत्येकाला कामापुरतीच परवानगी. बिलं कोणी उघडली याचे लॉग, म्हणजे नोंदी, चालू होते का, तेही लेखी कळवा. साइट मात्र बंद ठेवू नका, हंगाम चालू आहे.

आठ दिवसांत हे झालं नाही तर ग्राहक आयोगाकडे जाईन. तोवर देखभालीचा हप्ता थांबवला आहे. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा बागेत रेंज नसते.

आपला,
एक बागायतदार, देवगड