‘पालकांनी लक्ष द्यावे’ : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

आपण कामात असाल याची कल्पना आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. काल माझ्या मुलीच्या डायरीत लाल शाईने शेरा आला : ‘गृहपाठ अपूर्ण. पालकांनी लक्ष द्यावे.’ मुलगी दुसरीत आहे. वय वर्षे सात.

२०२० साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने दप्तराच्या ओझ्याबद्दलचं धोरण काढलं. त्यात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला जास्तीत जास्त दोन तास, तेही आठवड्याला. त्याआधी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही पहिली-दुसरीला गृहपाठ नको, असं बजावलं होतं. त्याही मागे जायचं तर मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याबद्दलचा १९९३ चा यशपाल समितीचा अहवाल आहे. प्राथमिकला गृहपाठ नकोच, फार तर घराभोवतालचं काही बघायला-शोधायला सांगा, असं त्यात म्हटलंय. १९९३ साली मी स्वतः दुसरीत होते आणि सतराचा पाढा दहादा लिहीत होते. अहवाल आल्याचं आमच्या बाईंना कुणी कळवलं नसावं. माझ्या मुलीच्या बाईंनाही अजून कळवलेलं दिसत नाही.

लक्ष द्या म्हणता ना, मग मी दिलेलं लक्ष ऐका. मागच्या आठवड्यात ‘मी रोज वेळेवर शाळेत जाते’ हे वाक्य पंचवीस वेळा लिहायचं होतं. कामावरून घरी यायला मला साडेआठ होतात. आले तेव्हा ही पानावर वरून खाली ‘मी, मी, मी’ लिहीत होती. मग ‘रोज’ची रांग, मग ‘वेळेवर’ची, मग ‘जाते’ची. असं केलं की लवकर होतं, म्हणाली. घाईत ‘शाळेत’ची रांगच राहून गेली. ‘मी रोज वेळेवर जाते’, पंचवीस वेळा. कुठे जाते कोण जाणे! वही तपासून परत आली तेव्हा खाली बरोबरची खूण होती आणि ‘छान’ लिहिलेलं होतं. परवा रात्री अठराव्या ओळीवर तिला झोप लागली, पेन्सिल हातातच होती. झोपलेल्या पोरीला शेरा आणि न वाचलेल्या पानाला ‘छान’!

प्रकल्पांचं तर विचारूच नका. वाहतुकीच्या साधनांसाठी पुठ्ठ्याचं विमान मी रात्री साडेदहाला कापलं, चिकटवलं, रंगवलं. मुलगी केव्हाच झोपली होती. विमानाला अ श्रेणी मिळाली. चला, या वयात मी दुसरी पास झाले. पण ज्या घरात रात्रपाळी असते, किंवा आईला अक्षरओळखच नसते, तिथलं विमान कोण करणार? गृहपाठ मुलाला दिलाय असं म्हणायचं आणि गुण घराला द्यायचे, असा हा व्यवहार आहे.

पालकांच्या ग्रुपवर विचारलं. वीसेक जणांनी उत्तर दिलं, रोज तासाच्या आत कुणाकडेच आटोपत नाही. म्हणजे आठवड्याला सहा तास तरी धरा. नियमाच्या किती पट झाले ते मला काढता येईना, कारण नियमातला आकडा शून्य आहे. हे गणित तुमच्या खात्यातल्या साहेबांना गृहपाठाला द्या.

बाईंवर माझा राग नाही. खरं सांगायचं तर काल होता, आज उतरला. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्या वर्गात बावन्न मुलं आहेत. त्याच कायद्याच्या कलम २७ ने जनगणना आणि निवडणूक शिक्षकांच्या गळ्यात ठेवलीच आहे. वर रोज कसली ना कसली माहिती ऑनलाइन भरायची. बाईंनी वाचायचं कधी? मग वर्गात न झालेलं घरी पाठवतात. कलम २९ मुलाला भीती आणि दडपणापासून मुक्त ठेवायला सांगतं. शाळेत फलक लावायला बरं वाक्य आहे. केंद्र धोरण काढतं आणि म्हणतं राज्याने बघावं, राज्य म्हणतं शाळेने, शाळा म्हणते पालकांनाच गृहपाठ हवा असतो. आणि हवा असतो, हेही खोटं नाही. वही कोरी आली की आमच्यातलेच काहीजण शाळेत भांडायला जातात.

अमेरिकेतले संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये गृहपाठावरचे कितीतरी अभ्यास एकत्र तपासले. मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि गुणांचा संबंध दिसतो, लहान वर्गांत तो फारच फिका. मला ते घरात बसून दिसतं. हीच मुलगी बसची वाट पाहताना गाड्यांच्या नंबरातले आकडे माझ्याआधी बेरीज करून सांगते. दुकानांच्या पाट्या वाचते. ‘दुरुस्ती’मधला रु ऱ्हस्व का, असं तिने विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. याला वेळ हवा. तो तुम्ही पंचवीस ओळींत घालवता.

मागणं फार नाही. दुसरीपर्यंत गृहपाठ बंद, असा लेखी आदेश प्रत्येक शाळेच्या दारावर लागू द्या, आणि तो मोडला तर कुणाला विचारायचं त्याचं नाव खाली असू द्या. शाळेच्या कुलूपबंद कपाटातलं एक गोष्टीचं पुस्तक दर शनिवारी घरी येऊ द्या. आम्ही वाचून दाखवू. ज्यांना वाचता येत नाही ते ऐकतील, मूल वाचेल.

डायरीत शेऱ्याखाली ‘पालकांची सही’ अशी रेघ आहे. ती मी कोरी ठेवली आहे. उद्या सकाळी बाई विचारतील, तेव्हा मुलीच्या हातात या पत्राची प्रत असेल.

दुसरीतल्या एका मुलीची आई